गुडघ्यांसाठी आधी पाट उचला, तेलाचं नंतर बघू

आईंचं वय 71, गाव खानापूरकडचं, पावसाळा लागला की गुडघे धरतात, गोळ्यांनी पित्त उसळतं. मग गोळीशिवाय काय करावं, असं तुम्ही विचारलंय. आमच्या सासूबाईंचं बरीच वर्षं हेच चाललंय. येळ्ळूरच्या चिखलात वाकून जन्मभर भाताची रोपं लावलेले गुडघे ते.

"वंगण संपलंय, आता चालू नका" हे आधी डोक्यातनं काढा. शेजारणींचं ऐकून सासूबाई वर्षभर खाटेला धरून बसल्या आणि मांड्यांच्या काटक्या झाल्या. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ गादीला, रक्तवाहिन्या नसतात; हालचालीनं दाब पडतो, सुटतो, तेव्हा तिला पोषण मिळतं. आणि गुडघा सांभाळतो तो मांडीचा पुढचा स्नायू.

म्हणून खाटेवर पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघा खाली दाबायचा, सावकाश पाचदा "विठ्ठल" म्हणायचं, सोडायचं. असं 10 वेळा, सकाळ-संध्याकाळ. महिनाभर काहीच फरक वाटत नाही, आणि तिथंच लोक सोडतात. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांवर टिकलं, तर दुसऱ्या दिवशी कमी करा. बंद करू नका.

जमिनीवरची बैठक मात्र मोडाच. पाट, विळी, उकिडवं बसून भांडी घासणं, सगळं. संडासावर ठेवायची मध्ये भोक असलेली खुर्ची मिळते, तोडफोड लागत नाही. आमच्याकडं ती आणली तेव्हा सासूबाई आठ दिवस रुसल्या, पाहुणे आले की दाराआड लपवायच्या. आता लेकीकडं जाताना त्यांच्याआधी ती खुर्ची गाडीत चढते!

काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. आम्हीही कितीतरी दिवस चुकीच्याच हातात दिली होती. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. कर्नाटकात शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली खरी, पण तिची पहिली पायरी अजून तेवढीच उंच आहे, तिथं हे उपयोगी पडतं.

वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. रात्रीचा भात निम्मा करा, एवढंच म्हणेन.

तेल, निरगुडीचा पाला लावा की. बरं वाटतं ते ऊब आणि मायेच्या हातानं. तेल सांध्यापर्यंत पोचत नाही. आखडलेल्या सांध्याला 15-20 मिनिटं शेक, सूज असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ. पण शेक देताना जपा. सासूबाईंना साखर आहे, पायाला चटका कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीनं पोटरीवर रुपयाएवढा फोड आला, तो भरायला दोन महिने गेले. तेव्हापासून आधी माझ्या मनगटावर पिशवी टेकवते, मगच त्यांच्या पायाला.

सांधा एकाएकी लाल, गरम होऊन ताप आला, किंवा पडल्यावर पाय टेकवेनासा झाला, तर घरगुती काही नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आईंना साखर आहे का आणि घरी संडास कसला आहे, तेवढं कळवा.