गॅस 'क्लोज' होत नाही : स्वयंपाकघरातल्या इंग्रजीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फ्रिज, ओव्हन, डबे, चमचे, सगळ्यांवर इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. नावं पाठ झाली, पण बोलायला गेलं की वाक्य काही जुळत नाही.

उत्तर : चिठ्ठ्यांवर नुसती नामं आहेत आणि त्यातली निम्मी तुम्हाला आधीपासूनच येत होती. अडतंय ते क्रियापदाशी. नावाची चिठ्ठी काढा आणि त्या वस्तूचं तुम्ही जे करता त्याचं पूर्ण वाक्य तिथे लावा. शेगडीजवळ 'टर्न द हीट डाउन', मिक्सरच्या प्लगपाशी 'अनप्लग द मिक्सर बिफोर क्लीनिंग इट'. 'बिफोर'नंतर 'क्लीनिंग' का आलं, 'क्लीन' का नाही, हे वेगळं घोकावं लागत नाही. रोज नजरेखालून गेलं की कानाला तेच बरोबर वाटू लागतं.

मराठीत आपण दार, डबा, गॅस, दिवा सगळंच 'बंद' करतो, म्हणून 'क्लोज द गॅस' तोंडात येतं. दार आणि झाकण क्लोज होतं. गॅस, दिवा, मिक्सर टर्न ऑफ होतो. नाव घेतलं तर 'टर्न ऑफ द गॅस' आणि 'टर्न द गॅस ऑफ' दोन्ही चालतं. 'इट' आलं की मात्र ते मधेच बसतं : 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' कधीच नाही.

प्रश्न : 'चिरणे'साठी पाककृतींत चार-पाच शब्द दिसतात. कुठला कधी?

उत्तर : चकत्या केल्या की स्लाइस, एकसारख्या छोट्या चौकोनी फोडी केल्या की डाइस, अगदी बारीक केलं की मिन्स, किसलं की ग्रेट. आकाराची फारशी फिकीर नसेल तर चॉप. 'तुकडे करा' म्हणताना 'कट इट इनटू पीसेस'. 'इन' नव्हे, 'इनटू'.

'भाजणे'चंही तसंच. केक-ब्रेड बेक होतो, मांस आणि भाज्या ओव्हनमध्ये रोस्ट होतात, ब्रेडचा काप टोस्ट होतो. ग्रिलला जरा जपा : ब्रिटिश पाककृतीत ग्रिल म्हणजे वरून येणारी आच, अमेरिकन पाककृतीत त्यालाच ब्रॉइल म्हणतात आणि त्यांचं ग्रिल म्हणजे खालून आच असलेली जाळी. आणि 'ग्राउंड पेपर' वाचून जमीन आठवू नका. ते 'ग्राइंड'चं रूप आहे, म्हणजे मिरपूड.

स्वल्पविरामाकडेही लक्ष ठेवा. 'वन कप वॉलनट्स, चॉप्ड' म्हणजे अख्खे अक्रोड कपाने मोजायचे आणि मग चिरायचे. 'वन कप चॉप्ड वॉलनट्स' म्हणजे आधी चिरायचे, मग मोजायचे. चिरलेले तुकडे कपात दाटून बसतात, त्यामुळे दुसऱ्या मापात अक्रोड जास्त जातात. एका स्वल्पविरामाने केकचं प्रमाण बदलतं.

प्रश्न : पाककृती मोठ्याने वाचून सराव करते. पण माझं बोलणं तुटक वाटतं, असं सगळे म्हणतात.

उत्तर : वाटणारच. पाककृतीचं इंग्रजी तारेच्या मजकुरासारखं असतं. जागा वाचवण्यासाठी त्यातून 'अ', 'द', 'इट' गाळलेले असतात. 'पील पोटॅटो. कट इनटू क्यूब्ज. बॉइल फॉर १० मिनिट्स. ड्रेन.' हे छापायला ठीक, बोलायला नाही. त्यातून शब्द उचला, वाक्यरचना नको.

सराव असा करा. चार ओळींची कृती घ्या आणि गाळलेलं परत भरा : 'पील अ पोटॅटो. कट इट इनटू क्यूब्ज. बॉइल द क्यूब्ज फॉर १० मिनिट्स. ड्रेन देम.' बटाटा पहिल्यांदा आला तेव्हा 'अ', पुढे 'इट'. फोडी ठरलेल्या, म्हणून 'द'. अनेक झाल्या, म्हणून 'देम'. आर्टिकलचा निम्मा धडा इथेच झाला. जेवण झाल्यावर तीच कृती भूतकाळात सांगा : 'आय पील्ड अ पोटॅटो अँड कट इट इनटू क्यूब्ज.' इथे 'कटेड' हमखास येतं. कट आणि पुट भूतकाळातही कट आणि पुटच राहतात. 'फ्रीज' म्हणजे गोठवणे, त्याचं मात्र फ्रोझ, फ्रोझन होतं.

याच सरावात 'अंटिल' तपासा. 'कांदा लाल होत नाही तोवर परता' हे मराठी डोक्यात असतं, म्हणून 'अंटिल द अनियन डझंट टर्न ब्राउन' असं वाक्य पडतं. नकार 'अंटिल'च्या पोटातच आहे, वेगळा घालायचा नाही : 'फ्राय इट अंटिल द अनियन टर्न्स ब्राउन'. 'विल टर्न'सुद्धा नाही, गोष्ट पुढे घडणार असली तरी.

प्रश्न : पाणी उकळतंय आणि मी पाणी उकळवतेय, दोन्हींना 'बॉइल'च?

उत्तर : हो. शिजणे-शिजवणे, वितळणे-वितळवणे असा बदल मराठी करते. इंग्रजी तेच क्रियापद वापरते आणि फरक शब्दांच्या जागेवर सोडते. 'द वॉटर इज बॉइलिंग', 'आय अ‍ॅम बॉइलिंग सम वॉटर'. दुसऱ्या वाक्यातलं पाणी विसरलात तर 'आय अ‍ॅम बॉइलिंग' उरतं, म्हणजे 'उकाड्याने जीव जातोय'. 'बॉइलिंग वॉटर' म्हणजे उकळतं पाणी, 'बॉइल्ड वॉटर' म्हणजे उकळलेलं. ते गार झालेलंही असेल. कृतीत पहिलं मागितलं असताना दुसरं ओतलं तर पदार्थ कच्चा राहतो.

प्रश्न : 'आय अ‍ॅम अ गुड कुकर' म्हटल्यावर लोक हसले.

उत्तर : कुकर हे भांडं, माणूस 'कुक'. ब्रिटनमध्ये तर कुकर म्हणजे ओव्हनसकट अख्खी शेगडी, म्हणून शिट्टीवाल्याला 'प्रेशर कुकर' असं पूर्ण म्हणा. जाता जाता : ओव्हनचा उच्चार 'अव्हन' आणि स्पेलिंग लिहिताना फ्रिजमध्ये 'डी' येतो, रेफ्रिजरेटरमध्ये येत नाही.