वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून दुर्गम गावात स्वयंसेवक शिक्षक व्हावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय सत्तेचाळीस, शिक्षणशास्त्राची पदवी नाही, नोकरीत मन उरलेलं नाही, दूरच्या एखाद्या गावात विनामोबदला शिकवून आयुष्य नव्याने सुरू करायचंय, तर जमेल का? साधारण याच वयात मीही हे केलं, म्हणून लिहितोय.

जमेल. फक्त ही नवी सुरुवात तुमची असते, गावाची नाही. गावाच्या लेखी तुम्ही बाहेरून आलेला आणखी एक माणूस. तुमच्याआधी बहुधा कुणीतरी येऊन, उत्साहाने शिकवून, मुलांना लळा लावून निघून गेलेलं असतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष देता येणार नसेल तर शिकवायला जाऊ नये. तेवढ्याच पैशांची पुस्तकं पाठवलेली बरी.

तिथे आधीपासून शिक्षक असतील तर त्यांच्या हाताखाली काम करायचं. समांतर वर्ग काढून त्यांना गावात कमीपणा आणू नका. तुम्ही जाल, त्यांना तिथेच राहायचंय. आणि कुणी मागितली नाही तरी स्वतःची ओळख पटवणारी कागदपत्रं शाळेकडे द्या.

आता मुख्य काम. सुरुवातीला धडा उघडूच नका. एकेका मुलाला वर्गाच्या दाराशी, इतरांच्या नजरेसमोर पण कानाआड बसवून वाचायला द्या. आधी अक्षरं, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुंबईत 1995 मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने रुळवलेली ही चाचणी आहे. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. पाचवीतला मुलगा शब्दांपाशी अडतो आणि तिसरीतली एखादी मुलगी गोष्ट घडाघडा वाचते, हे तुम्हाला तिथेच कळेल. मग रोज निदान तासभर इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करायचे, आणि जो जिथे अडलाय तिथूनच शिकवायचं. महिना-दीड महिन्याने पुन्हा तपासायचं, गट बदलायचे. दिसायला फार साधं आहे, कंटाळवाणंही आहे. नाटक, गाणी, सहली यांत मन जास्त रमतं, पण वाचता न येणारं मूल त्या सगळ्यानंतरही वाचता न येणारंच राहतं.

पदवीची काळजी याच कामाने मिटते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे गावातल्याच स्वयंसेवकांनी थोडं प्रशिक्षण घेऊन वाचनवर्ग चालवले आणि वर्गाला येणाऱ्या मुलांचं वाचन सुधारलं. मात्र गावातली बहुतेक मुलं त्या वर्गांना आलीच नाहीत. ही दुसरी बाजू नवखे शिक्षक विसरतात. मूल येत नाही तेव्हा बहुतेकदा घरचं काम किंवा धाकटं भावंड आड येतं. रागावून उपयोग नाही. घरी जाऊन कोणती वेळ जमेल ते विचारा, आणि भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीला आत येऊ द्या.

एकच खोली आणि चार इयत्ता, हे तर ठरलेलंच. कोलंबियात शिक्षणतज्ज्ञ विकी कोलबर्ट आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये 'एस्कुएला नुएवा' (म्हणजे नवी शाळा) ही पद्धत नेमक्या अशा शाळांसाठी सुरू केली. मुलं लहान गटांत बसून, स्वतः वाचून पुढे जाता येईल अशा पुस्तिकांवर काम करतात आणि शिक्षक गटागटांतून फिरतो. छापील पुस्तिका नसल्या तरी हाताने लिहिलेली कार्डं चालतात. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवणं चांगलंच, पण त्या निमित्ताने हुशार मुलींना फुकटच्या शिक्षिका करू नका. घरी त्यांच्यावर आधीच पुरेसा भार असतो.

मुलांची घरची भाषा वेगळी असेल तर ती मुलांकडूनच शिका आणि नव्याने वाचू लागलेल्यांना निदान सुरुवातीला त्याच भाषेतलं वाचायला द्या. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी 1953 मध्येच मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला होता. शिवाय प्रौढ माणूस उच्चारात चुकतोय हे पाहून मुलांची भीड चेपते, हा वरचा फायदा.

स्वतःबद्दल दोनच गोष्टी. वर्षभराचा खर्च, आजारपणाची रक्कम आणि परत आल्यावर काम मिळेपर्यंतचे महिने, एवढी शिल्लक हवी. घरचं कुणी तुमच्यावर अवलंबून असेल तर त्यांचा हिशोब वेगळा. आणि तिथल्या संध्याकाळी फार लांबलचक वाटतात. नोकरीचा वीट म्हणून निघालेल्या माणसाला त्या जास्त जड जातात.

निघण्याची तारीख मुलांना आधीपासून माहीत असू द्या. पहिल्या महिन्यापासूनच गावातलं शिकलेलं कुणीतरी, बारावी झालेली मुलगी किंवा एखादी सून, वर्गात सोबत घ्या. चाचणी तिला घेऊ द्या, पातळ्यांची वही तिच्याच हातची असू द्या. शेवटच्या महिन्यांत वर्ग तिने चालवायचा आणि तुम्ही मागे बसायचं. तिच्या मानधनाची सोय कुठून होईल हेही तुम्ही असतानाच लावून टाका. शक्य असेल तर त्यासाठीची पहिली वर्गणी तुम्हीच द्या.

राजीनाम्याचं म्हणाल तर आत्ता देऊ नका. बिनपगारी रजा मिळते का पाहा, सुट्टी काढून त्याच गावात सर्वांत गैरसोयीच्या ऋतूत राहून या, आणि मगच शाळेला शब्द द्या.