नकाशा बदलला बोर्डाने, झोप उडाली पोराची

"ताई, शाळा बघूनच घर घेतलं होतं हो आम्ही, आता लाइन बदलली आणि पोराला दुसऱ्याच शाळेत टाकलं, रात्री झोपत नाहीये तो, नुकसान होईल का त्याचं?" मी पुण्यात बसून काउन्सेलिंगची ऑनलाइन सेशन्स घेते, आणि अमेरिकेतल्या आयांकडून हा प्रश्न दरवर्षी एकदोनदा तरी येतोच. ही केस नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीजवळची, परवानगी घेऊन आणि तपशील बदलून सांगतेय. मुलगा नऊ वर्षांचा, आपण त्याला ओम म्हणू.

तिकडचं गणित आधी सांगते. घर कुठल्या भागात आहे त्यावरून सरकारी शाळा ठरते, आणि त्या भागांच्या हद्दी म्हणजे या "लाइनी". कॅरी ज्यात येतं त्या वेक काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सरकारी शाळांत दीड लाखाच्या वर मुलं, आयटीवाले येतच राहतात, कालच्या शेतात आज टाउनहाउस. शाळा भरली की तिच्यावर कॅप लागते, मग नव्याने आलेल्या पोराला समोरची शाळा दिसते पण मिळत नाही, आणि नवी शाळा उघडली की आजूबाजूच्या लाइनी परत आखतात. आखणारं स्कूल बोर्ड नऊ जणांचं, निवडून आलेलं, पण पैशाची चावी काउंटी कमिशनर्सकडे, म्हणजे काउंटीच्या वेगळ्या मंडळाकडे, त्यामुळे ढकलाढकली चालूच. 2009 ची बोर्डाची निवडणूक तर मुलं कुठल्या शाळेत पाठवायची याच वादावर गाजली होती!

ओमचे बाबा एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे टॅक्स भरायचा पण मत नाही. बोर्डाच्या मीटिंगमधे दोनतीन मिनिटं बोलायला मिळतं तेवढंच. मग उरलेला सगळा राग घरी निघायचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जेवताना, गाडीत. नव्या शाळेचं रेटिंग किती, घराची किंमत किती पडणार, "त्या शाळेतली मुलं" कशी... (हे "त्या" ऐकलं की मला आपल्याकडचे "झेडपीत कोण घालतं" म्हणणारे आठवतात.)

तिसऱ्या सेशनला ओमशी एकट्याशी बोलले. मला वाटलं मित्र सुटतील म्हणून रडतोय. तर तो म्हणाला, "बाबांनी माझ्यासाठी घर घेतलं ना, ते वाया गेलं." झालं! बाळाला वाटत होतं शाळा फुल झाली म्हणून यालाच बाहेर काढलं, आणि आईबाबांचे पैसे पण यानेच घालवले.

आईला मी सरळ सांगितलं, भांडा की, बोर्डाला मेल करा, जुन्याच शाळेत राहू द्या असा अर्ज पण करता येतो, फक्त मग स्कूलबस नाही, रोज ने-आण तुमची, ते झेपणार असेल तर बघा. पण जेवणाच्या टेबलावर हा विषय बंद. नुकसानीचं म्हणाल तर एका बदलीने नऊ वर्षांच्या पोराचं सहसा काही बिघडत नाही, पण महिनाभर झोप नसेल, पोट दुखत असेल, शाळेत जायलाच नको म्हणत असेल तर मात्र थांबू नका, तिथल्या स्कूल काउन्सेलरला गाठा.

बाबांना एकच काम दिलं, ओमला स्वतःच्या तोंडाने सांगायचं की शाळेत जागा कमी पडली, यात तुझी चूक नाही. दोन आठवडे टाळलं त्यांनी. शेवटी नव्या शाळेच्या पार्किंगमधे गाडीतच बोलले म्हणे, आणि ओमने सगळं ऐकून विचारलं, "इथे सॉकरची टीम आहे का?"