उचललेल्या टाचा आणि १,९०० युरो

प्रश्न: वय ३४. तीन वर्षांपासून मिलानमध्ये नोकरी करतो. हातात २,४०० युरो येतात, त्यातले ९५० घरभाड्यात जातात. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता ३२,००० रुपये, एसआयपी १५,००० रुपये. अडीअडचणीसाठी ५,२०० युरो बाजूला आहेत. नोकरीचं कंत्राट पुढच्या जूनपर्यंत आहे. ओळखीच्या एका गृहस्थांकडे १९८४ची कोल्नागो मास्टर ही इटालियन रेसिंग सायकल आहे, कँपान्योलो सुपर रेकॉर्डच्या गिअर-ब्रेकच्या पूर्ण सेटसह. १,९०० युरो मागतात. या सायकलींच्या किमती वाढतच जाणार, म्हणून गुंतवणूक समजून राखीव रकमेतून घेऊ, की चार महिने एसआयपी थांबवू? फ्रेम ५८ सेंटिमीटर मापाची आहे, माझी उंची साडेपाच फूट, पण सीट खाली घेतली की चालते. फोटो सोबत.

उत्तर: ‘सायकलवर जीव जडलाय, घेऊ का?’ एवढंच विचारलं असतंत तर बरं झालं असतं. ‘गुंतवणूक’ म्हणालात, म्हणून आधी हिशेब करू.

चार महिन्यांची एसआयपी म्हणजे ६०,००० रुपये. आजच्या दराने त्यात सायकलची निम्मी किंमतही निघत नाही. राहिली राखीव रक्कम. भाडं, हप्ता आणि जेवणखाण धरून तुमचा महिना साधारण २,००० युरोंचा, म्हणजे ५,२०० युरो जेमतेम अडीच महिने पुरतात. त्यातून १,९०० काढलेत तर दीड महिनाच हातात उरतो, आणि जूनमध्ये कंत्राटाचं काय होणार ते अजून ठरलेलं नाही.

किंमत वाढण्याचं म्हणाल, तर बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर मारले ती कोल्नागो वेगळी आणि ही वेगळी. मास्टर १९८३ पासून पुढे कित्येक वर्षं बनत राहिली, त्यामुळे ती दुर्मीळ नाही. विकायला काढाल तेव्हा त्याच मापाचं, त्याच वेडाचं गिऱ्हाईक शोधावं लागेल. तोवर ती व्याज देणार नाही, उलट चिकटवायचे ट्युब्युलर टायर मागत राहील. गंज लपवायला कोणी नवा रंग मारला असेल तर भाव आणखी पडतो. ओरखडे पडलेला मूळ रंग जाणकाराला जास्त आवडतो.

आता हौसेचं. ती मला कळते. तारकेसारख्या खाचा पाडलेल्या कोलंबस कंपनीच्या नळ्या, जोडावर कोरलेलं किलवराचं पान, पुढच्या फोर्कचा क्रोम. गिअरचे खटके खालच्या तिरक्या नळीवर, आणि त्यांना टप्पे नाहीत: साखळीची कुरकुर ऐकत बोटाने गिअर जुळवायचा. शिवाय इटलीतल्या गायोले गावच्या लेरोइकात, म्हणजे जुन्या सायकलींच्या फेरीत, १९८७ पर्यंतच्या सायकली चालतात, आणि तिथल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर उतरायचं तर अशीच हवी. वर्षातले चाळीस रविवार ती रस्त्यावर असेल तर पैसे वसूल. पण ते पैसे मौजेच्या खात्यातले, आणि तुमच्याकडे ते खातंच नाही.

ते डिसेंबरात उघडा. इटलीत तेरावा पगार मिळतो. कर जाऊन नेहमीपेक्षा थोडा कमीच हाती येईल. त्यातला निम्मा राखीव रकमेत, निम्मा सायकलसाठी. पुढे जूनपर्यंत महिना शंभर युरो टाकत गेलात तर दीड हजाराच्या पुढे जमतील. कंत्राट वाढलं की घ्या. एसआयपीला हात लावू नका. बजेट दुरुस्तीसकट धरा, कारण इथे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला होतो. मी एकदा हौसेने एक जुनी सायकल घेतली. तिच्या स्टीलच्या नळीत सीटची अ‍ॅल्युमिनियमची दांडी वर्षानुवर्षं तशीच राहून जाम बसली होती. ती काढायला सायकलच्या जवळपास निम्मे पैसे गेले. पैसे देण्याआधी ती दांडी वरखाली होते का, ते स्वतः फिरवून बघा. दोन्ही पेडलांच्या मधली पेटी आणि तिच्या खालची बाजूही बघा. पाणी तिथेच साठतं.

पण ही सायकल डिसेंबरातही नको, जूनमध्येही नको. तुमचा फोटो मी दोनदा पाहिला. सीटची दांडी जेमतेम दोन बोटं बाहेर आहे, आणि आडवी नळी पायांत घेऊन तुम्ही टाचा उचलून उभे आहात. साडेपाच फुटांच्या माणसाला ५८ची फ्रेम म्हणजे थोरल्या भावाचा कोट. सीट खाली घेता येते, नळी घेता येत नाही. ५२-५३च्या आसपासची बघा. त्या गृहस्थांना नम्रपणे नाही कळवा आणि त्यांच्या ओळखीत कोणाकडे आहे का, ते विचारून ठेवा.

मिळाली की पुन्हा फोटो पाठवा, टाचा टेकलेला.