आमच्या लहान शहरात ना गर्दी ना सिग्नल, तरी अपघात का वाढलेत?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की ते कर्नाटकातल्या चिकोडी भागातल्या एका लहान शहरात राहतात, मागच्या काही वर्षांत अपघात फार वाढल्यासारखे वाटतात, पण मीटिंगमध्ये सांगितलं जातं की आकडा कमी झालाय, मग खरं काय मानायचं आणि गावानं करायचं काय.

मी निपाणीत गाड्यांचा इन्शुरन्स आणि आरटीओच्या कागदांचं काम करतो. आसपासच्या गावात कुणाचा अपघात झाला की क्लेमची फाइल फिरत फिरत माझ्या टेबलावर येते, त्यामुळं एफआयआर, पंचनामा, जागेचा नकाशा हे सगळं वाचून वाचून जे दिसलंय ते सांगतो.

आधी आकड्याचं बघू. लहान गावात वर्षाचा आकडा फसवतो. समजा एका वर्षी नऊ जण गेले आणि पुढच्या वर्षी पाच, की लगेच म्हणायचं निम्म्यावर आलं, पण एवढ्या लहान आकड्यात एक वडापची जीप उलटली तरी सगळा हिशेब फिरतो, आणि नाही उलटली म्हणून रस्ता काही सुधारलेला नसतो. किमान तीन वर्षं एकत्र धरून बघायचं. हायवेवरचा ब्लॅकस्पॉट ठरवताना सरकारही तसंच करतं, साधारण 500 मीटरचा तुकडा घेतात आणि मागच्या तीन वर्षांत तिथं जीव गेलेले किंवा माणूस जबर जखमी झालेले पाच अपघात असतील नाहीतर एकूण दहा माणसं गेली असतील तर तो ब्लॅकस्पॉट. आणि तुलना कुठल्या वर्षाशी चाललीय तेही विचारा. 2020 ला लॉकडाऊनमध्ये गाड्याच बाहेर नव्हत्या, देशात त्या वर्षी 1 लाख 38 हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर गेली, 2022 ला 1,68,491 आणि 2023 ला 1 लाख 72 हजारांच्या वर. 2020 पासून मोजलं तर कुठल्याही गावात अपघात भयंकर वाढलेलेच दिसणार. 2019 पासून मोजा, तरी वाढ दिसतेच पण ती खरी किती तेवढी दिसते.

किरकोळ अपघात तर कागदावर येतच नाहीत, जागेवरच मिटवामिटवी होते, इंडिकेटर फुटला त्याचे पैसे दे आणि जा. म्हणून एकूण अपघात किती ते मी बघतच नाही. गेलेले आणि हाड मोडून ॲडमिट झालेले एवढेच धरतो.

आपल्या सीमाभागात अजून एक आहे. निपाणीहून कोल्हापूर 40 किलोमीटर आणि बेळगाव 75 च्या आसपास, त्यामुळं सिरियस पेशंटला लोक कोल्हापूरलाच पळवतात. तिथं चार-आठ दिवसांनी माणूस गेला तर पहिली खबर तिथल्या पोलिसांकडं जाते आणि मग कागद राज्याची हद्द ओलांडून आपल्या ठाण्यात येतात. अपघात झाल्यापासून 30 दिवसांच्या आत माणूस गेला तर तो अपघातातच गेला असं धरायचं असतं, म्हणजे डिसेंबरमधल्या अपघाताचा आकडा जानेवारीतही वाढू शकतो. मीटिंगमध्ये कोण खोटं बोलतंय असं म्हणायची गरज नाही, अर्धवट कागदावर आकडा सांगितला की तो कमीच येतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, गर्दी नसताना का. माझं सरळ म्हणणं असं की गर्दी नाही म्हणूनच. बेळगावात सकाळी दहाच्या ट्रॅफिकमध्ये धडक बसली तर बंपर जातो, कारण गाडी वीस-पंचवीसच्या वर जातच नाही. आपल्याकडं रस्ता मोकळा आणि त्या एकाच रस्त्यावर नव्वदनं जाणारी कार, वीसनं जाणारा ट्रॅक्टर, शेळ्या घेऊन निघालेली म्हातारी आणि शाळा सुटलेली पोरं. स्पीडमधला फरक माणूस मारतो. 2022 च्या केंद्र सरकारच्या रिपोर्टमध्ये रस्त्यावर गेलेल्या शंभरातले 68 जण ग्रामीण भागातले आहेत. नॅशनल हायवे म्हणजे देशातल्या एकूण रस्त्याच्या जेमतेम दोन टक्के, पण मृत्यू 36 टक्के तिथं. आणि आपला सगळा पट्टा, कोगनोळी, सौंदलगा, निपाणी, यमगर्णी, संकेश्वर, हत्तरगी, हा त्या 48 नंबरच्या पुणे-बेंगळुरू हायवेलाच तर चिकटून आहे.

उसाच्या सीझनचं जरा सविस्तर सांगतो कारण माझ्याकडच्या सगळ्यात वाईट फाइली त्या महिन्यांतल्या आहेत. साखर कारखान्याची मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत डबल ट्रॉली रस्त्यावर. मागच्या ट्रॉलीला टेललाइट नसते, असली तर वायर तुटलेली, रेडियम लावलेलं असलं तरी त्यावर चिखल आणि उसाची पाचट लोंबलेली. आता हिशेब बघा. लो बीमवर तुम्हाला पुढचं साधारण पन्नास मीटर नीट दिसतं. तुमची गाडी नव्वदला, ट्रॉली वीसला, म्हणजे फरक सत्तरचा, सेकंदाला एकोणीस-वीस मीटर. ट्रॉली दिसल्यापासून तुमच्याकडं अडीच सेकंद. रात्रीच्या अंधारात पुढं काहीतरी आहे हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, तेवढ्यात पन्नासातलं निम्म्याहून जास्त अंतर संपलेलं असतं आणि राहिलेल्यात गाडी थांबत नाही. ड्रायव्हर प्यालेला नव्हता, पोरगा चांगला होता, गाडी नवीन होती, हे सगळं खरं असून त्याचं काही चालत नाही. पंचनाम्यात मात्र एक ओळ येते, निष्काळजीपणे गाडी चालवून पुढील वाहनास मागून धडक दिली.

आणि दगडांचं बघा. ट्रॉली पंक्चर झाली की मागं चारपाच मोठे दगड मांडतात, गाड्यांनी बाजूनं जावं म्हणून. पंक्चर निघतं, ट्रॅक्टर जातो, दगड तिथंच. पहाटे दूध घालायला निघालेला माणूस एमएटी मोपेडवर येतो आणि त्या दगडावर जातो. समोर दुसरी गाडीच नसल्यामुळं क्लेम कुणावर करायचा हाही प्रश्न, स्वतःचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असेल तरच घरच्यांना काही मिळतं, आणि तो कव्हर लोक दोनतीनशे रुपये वाचवायला नको म्हणतात. कृपा करून तो काढा.

ह्यावर उपाय महाग नाही. आमच्याकडं दोनचार पोरांनी आणि एका स्टिकरवाल्यानं मिळून कारखान्याच्या वजनकाट्याच्या लाइनीत उभं राहून ट्रॉलीच्या मागं लाल रेडियमच्या रुंद पट्ट्या मारल्या. फडक्यानं चिखल पुसायचा, पत्रा कोरडा करायचा, मग पट्टी. ओल्या पत्र्यावर मारलेली पट्टी दोन दिवसांत सुटते, हे सुरुवातीला कळलं नव्हतं. ड्रायव्हर लोक बीड, विजापूरकडचे असतात, ते नाही म्हणत नाहीत, उलट स्वतः फडकं घेऊन येतात कारण धडक बसली तर मागं उसावर झोपलेला त्यांचाच माणूस मरतो. कारखान्यानं ठरवलं तर एक नियम पुरे, रेडियम नाही तर काट्यावर गाडी घेणार नाही.

दुसरी मोठी गोष्ट डिव्हायडरचा कट आणि राँग साइड. हायवे झाला तेव्हा गाव एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला पडलं. अंडरपास दीड-दोन किलोमीटरवर. वैरणीचा भारा घेऊन माणूस एवढा वळसा घालत नाही, तो डिव्हायडरवरनं उडी मारतो नाहीतर मोटरसायकल राँग साइडनं घालतो. दोन अपघात झाले की कट बंद करतात आणि काम झालं म्हणतात, पण कट बंद केल्यावर तोच माणूस आधी शंभर मीटर राँग साइडनं जायचा तो आता आठशे मीटर जातो, धोका वाढलाच की. आधी सर्व्हिस रोड सलग करा, त्यावर दोन्ही बाजूनं जाता येऊ द्या, अंडरपासमध्ये लाइट लावा आणि पावसाळ्यात साचणारं पाणी काढा, मग कट बंद करा, लोक आपोआप खालनं जातील. सहापदरीच्या कामात डायव्हर्जन बदलत राहतात तिथंही हेच, काल जिथनं सरळ जात होतो तिथं आज मातीचा ढीग, आणि रात्री तिथं ब्लिंकर नाही.

तवंदी घाटाचं सगळ्यांना माहीत आहे, उतारावर लोडेड गाडी डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, ब्रेक तापून पकडायचा बंद होतो आणि पुढच्या गाड्यांवर जाते. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं हे जुने ड्रायव्हर सांगतात ते अगदी बरोबर आहे. कारवाल्यांनी उतारावर कंटेनरच्या पुढं रेंगाळू नये, एवढंच.

गावातल्या रस्त्यावर सगळ्यात जास्त कोण जातं म्हणाल तर दुचाकीवाले. देशातही शंभरातले 44 तेच. आणि त्यात मला सारखी दिसणारी एक गोष्ट आहे जी कुणी बोलत नाही, मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई स्पीडब्रेकरवर पडते. एखादा मृत्यू झाला की रास्ता रोको होतो, ब्रेकर पाहिजे म्हणून मागणी होते, आणि रात्रीत डांबराचा एक उभा बांध घालून देतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात ब्रेकर साधारण 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, त्यावर पांढरे पट्टे आणि 40 मीटर आधी बोर्ड असावा असं आहे. आपल्याकडचा ब्रेकर वीतभर रुंद, उंची जवळजवळ तेवढीच, रंग नाही, बोर्ड नाही. गाडी उडते, नवरा हँडल धरून राहतो, बायको मागं डोक्यावर पडते. कर्नाटकात मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट 2016 पासून सक्तीचं आहे, पण ते घालणारी बाई मी अजून विरळाच बघितली. रास्ता रोको करणार असाल तर मागणीच्या कागदावर ब्रेकरचं माप लिहा, नुसता ब्रेकर मागू नका.

पोरांच्या हातात गाडी देणाऱ्यांना एक सांगायचंय. 2019 च्या दुरुस्तीनंतर अठराच्या आतल्या पोरानं अपघात केला तर पालक किंवा गाडीमालकावर 25 हजार दंड, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि त्या पोराला पंचवीस वर्षं होईपर्यंत लायसन नाही. आणि इन्शुरन्स आहे म्हणून निवांत राहू नका, कोर्ट बऱ्याचदा कंपनीला समोरच्याला पैसे द्यायला लावतं आणि तेवढेच पैसे कंपनी गाडीमालकाकडून वसूल करते. त्यासाठी शेत विकायला काढलेली घरं माझ्या बघण्यात आहेत.

मग गावानं काय करायचं. नुसता आकडा मागू नका, जागा आणि वेळ मागा. मागच्या तीन वर्षांतल्या प्रत्येक गंभीर अपघाताचं ठिकाण आणि किती वाजले एवढं माहितीच्या अधिकारात पोलीस ठाण्यातून काढा आणि भिंतीवर गावाचा नकाशा लावून टिपके मारा. देशात पाचातला एक अपघात संध्याकाळी 6 ते 9 मध्ये होतो, तुमचेही बरेचसे टिपके तेवढ्याच वेळेचे आणि चारपाच ठिकाणीच गोळा झालेले दिसतील. मग त्या चारपाच जागांसाठी डीसी (जिल्हाधिकारी) साहेबांच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडं अर्ज करा, फोटो लावून. अर्जात मोटार वाहन कायद्याचं कलम 198ए लिहा, रस्त्याच्या डिझाइनमधल्या किंवा देखभालीतल्या चुकीमुळं माणूस गेला तर ठेकेदार किंवा त्या खात्याला एक लाखापर्यंत दंड होतो. ते कलम वाचलं की अर्जाला उत्तर लवकर येतं असा माझा अनुभव आहे.

पण हे सगळं एका जागी अडतं, एफआयआरमध्ये जागाच नीट लिहिलेली नसते. निपाणीजवळ हायवेवर, अमुक ढाब्याच्या पुढं, असं लिहितात. एकाच वळणावरचे चार अपघात चार वेगळ्या नावानं पडले की ती जागा कधीच ब्लॅकस्पॉट होत नाही आणि तिथं पैसे येत नाहीत. म्हणून तुमच्या ओळखीत असं काही झालं तर आधी 112 नाहीतर 108 ला फोन, हायवेवर असेल तर 1033 लाही. जखमीला उचलायला घाबरू नका, मदत करणाऱ्याला पोलीस साक्षीदार व्हायची जबरदस्ती करू शकत नाहीत, कलम 134ए आणि त्याखालचे नियम तसंच सांगतात. मे 2025 पासून अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे, हॉस्पिटलच्या काउंटरवर ते नाव घेऊन विचारा. क्लेमचा अर्ज सहा महिन्यांच्या आत कोर्टात टाका, बाराव्याचं, वर्षश्राद्धाचं झाल्यावर बघू म्हणून थांबू नका. आणि ठाण्यात फिर्याद देताना जवळच्या किलोमीटर दगडाचा नंबर, कोल्हापूरकडं जाणारी लेन की बेळगावकडं जाणारी, आणि किती वाजले, हे लिहून घेतल्याशिवाय उठू नका. कागदाचं अजून काही अडलं तर खाली विचारा, मी संध्याकाळी बघून उत्तर देतो.