एकाच आईकडून हिपॅटायटिस बी आला, मग दोघा भावांचे रिपोर्ट वेगळे का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही ३४ वर्षांचे, भाऊ २२ चा. दोघांचाही एचबीएसएजी (लागण आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, आईलाही आहे. भावाचा ई अँटिजेन (विषाणूचं रक्तात सापडणारं एक प्रथिन) पॉझिटिव्ह आणि तुमचा निगेटिव्ह, म्हणून घरचे म्हणतात की तुमची पांढरी कावीळ सौम्य जातीची, काळजी करायची ती धाकट्याची. लॅबवाल्यांनी जिनोटाइप टेस्ट, म्हणजे विषाणूची जात ओळखणारी तपासणी, सुचवली आहे, ती करावी का? आणि बायकोला सहावा महिना आहे, तर बाळाची लस अशा ‘वेगळ्या’ विषाणूवर चालेल का?

सगळ्यात आधी एक सांगतो. ई निगेटिव्ह म्हणजे विषाणू थंडावला, असं धरून चालू नका. मी चार वर्षं तसं धरून चाललो होतो.

मी डॉक्टर नाही. नाशिकरोडला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. २००९ च्या गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं आणि पंधरा दिवसांनी रक्तपेढीची चिठ्ठी आली. पुढच्या तपासण्यांत ई निगेटिव्ह, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारा आकडा) नॉर्मल. ज्यांनी रिपोर्ट पाहिला ते म्हणाले, ‘तुम्ही नुसते कॅरिअर आहात, काही करायला नको.’ विषाणूचा डीएनए, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत ते, तपासायला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. २०१३ मध्ये जिना चढताना दम लागायला लागला म्हणून तपासलं, तर एसजीपीटी १४० आणि विषाणूंची मोजणी लाखांत. फायब्रोस्कॅनमध्ये यकृत बऱ्यापैकी घट्ट झालेलं. त्या चार वर्षांत नॉर्मल एसजीपीटीच्या एका कागदावर मी निर्धास्त झोपत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता ‘वेगळा विषाणू’ म्हणजे काय ते पाहू. यात दोन गोष्टींची गल्लत होते. आपल्याकडच्या माणसाला द्राक्षबागेवरून चटकन कळेल. थॉम्पसन आणि अनाबेशाही या दोन वेगळ्या जाती. पण सोनाका मुळात थॉम्पसनचाच. सोलापूरकडच्या बागेत थॉम्पसनच्या वेलीवर लांबट मण्यांचा बदल दिसला, तो शेतकऱ्याने हेरून वाढवला. जिनोटाइप म्हणजे जात. ई निगेटिव्ह होणं हा बहुतेकदा सोनाकासारखा प्रकार, त्याच वेलीवर उमटलेला बदल.

या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम ३,२०० अक्षरांचा. दोन विषाणूंमध्ये त्यातली ८ टक्क्यांहून जास्त अक्षरं वेगळी निघाली तर जिनोटाइप वेगळा धरतात. १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी या हिशेबाने चार गट पाडले, आज ए ते एच असे आठ मान्य आहेत आणि आय, जे असे आणखी दोन सुचवलेले आहेत. भारतात मुख्यतः डी आणि ए सापडतात, पूर्वेकडे आणि ईशान्येला सीसुद्धा. तुम्हा दोघांना आईकडून आला असेल तर तुमची जात एकच असणार. फरक पडला तो तुमच्या शरीरात शिरल्यानंतर.

तो कसा पडतो हे मला वर्गात शिकवायलाही फार आवडतं. हा डीएनएचा विषाणू असूनही स्वतःची नक्कल करताना आरएनएच्या वाटेने जातो. आधी आरएनए, मग त्यावरून उलट डीएनए. या उलट्या लिखाणात चुका सुधारणारं कुणी नसतं. विषाणू जोरात असतो तेव्हा एका माणसात रोज शंभर अब्जांच्या वर नवे कण बनतात, म्हणजे ३,२०० पैकी प्रत्येक अक्षर रोज कुठल्या ना कुठल्या कणात चुकतंच. बहुतेक चुका वाया जातात. मजकूर इतका आखूड आहे की चार जनुकं एकमेकांवर चढवून लिहिली आहेत, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी एक अक्षर बदललं की दोन वाक्यं बिघडतात. जी चूक विषाणूच्या पथ्यावर पडते तेवढीच टिकते.

अशी एक चूक १८९६ क्रमांकाच्या अक्षरावर होते. तिथलं ग्वानिन जाऊन अ‍ॅडेनिन आलं की वाचणाऱ्याला मध्येच ‘थांब’ अशी खूण मिळते आणि ई अँटिजेन तयारच होत नाही. विषाणू मात्र बनत राहतो, कारण ई अँटिजेन त्याला जगायला लागत नाही. ते रक्तात सोडलेलं प्रथिन आहे, आपल्या प्रतिकारशक्तीला सैल ठेवायला त्याचा उपयोग होतो. लहानपणापासून लागण असलेल्या माणसात विशी-तिशीत प्रतिकारशक्ती जागी होते, ई दिसणाऱ्या पेशींवर तुटून पडते आणि ई न बनवणारे विषाणू मागे उरतात. रिपोर्टवर ‘ई निगेटिव्ह’ छापून येतं. कुणाच्या बाबतीत विषाणू खरोखरच शांत झालेला असतो, कुणाच्या बाबतीत त्याने फक्त पाटी उतरवलेली असते. त्या एका ओळीवरून दोन्ही सारखेच दिसतात.

जातीचा संबंध इथे येतो. १८९६ चं अक्षर आरएनएच्या एका घडीत १८५८ च्या अक्षरासमोर बसतं आणि ती घडी नीट बसली नाही तर विषाणूची नक्कलच होत नाही. डी प्रकारात १८५८ ला युरॅसिल असतं. त्याची ग्वानिनशी जोडी ढिली, अ‍ॅडेनिनशी घट्ट. म्हणजे हा बदल झाल्यावर घडी उलट जास्त पक्की होते. ए प्रकारात तिथे सहसा सायटोसिन असतं, त्याची अ‍ॅडेनिनशी जोडी जमत नाही आणि घडी सुटते. म्हणून हा बदल डी प्रकारात भरपूर दिसतो आणि ए प्रकारात कमी. आपल्याकडे डी प्रकार इतका आहे, तेव्हा ‘ई निगेटिव्ह म्हणजे बरं’ हा समज आपल्याकडे जास्तच महागात पडू शकतो.

२००९ मध्येच गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची साथ आली आणि अनेक माणसं दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ते विषाणू तपासले तेव्हा डी प्रकार आणि हाच १८९६ चा बदल समोर आला.

तुमच्या भावाच्या शरीरात आज जे चाललंय ते बारा वर्षांपूर्वी बहुधा तुमच्या शरीरात चालू होतं. या वयात ई पॉझिटिव्ह, डीएनए प्रचंड आणि एसजीपीटी नॉर्मल असं पुष्कळांत असतं. त्याच्या रक्तातून लागण व्हायचा धोका मात्र मोठा आहे. दाढीचं ब्लेड, नेलकटर वेगळं ठेवा. रामकुंडावर मुंडनाला बसलात तर दोघांनीही नवं ब्लेड डोळ्यासमोर उघडायला लावा, संकोच करू नका. ताट-वाटी, टॉवेल, एकत्र जेवण याने काही होत नाही. त्याला पंगतीत वेगळं बसवू नका.

जिनोटाइप टेस्टबद्दल माझं मत असं की डॉक्टर इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचा विचार करत असतील तर करा, कारण त्याला ए प्रकार डीपेक्षा चांगला दाद देतो. रोजच्या गोळीसाठी जातीने फारसा फरक पडत नाही. तेच पैसे दोघांच्या एचबीव्ही डीएनएच्या मोजणीवर घाला, सोबत एसजीपीटी आणि फायब्रोस्कॅन, आणि ते एकदा करून थांबू नका, सहा-सहा महिन्यांनी करत राहा. २०१८ पासून केंद्र सरकारचा हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, त्यात तपासणी आणि औषध मोफत आहे, म्हणून आधी सिव्हिलला चौकशी करा. कावीळ उतरवणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. तुमच्या दोघांच्या अंगात पिवळेपणा नाहीच, तो उतरवणार काय?

गोळी सुरू झाली तर मनाने बंद करू नका. माझ्या मामांना पूर्वी लॅमिव्हुडिन दिलं होतं. दोन वर्षं छान गेली, मग मोजणी पुन्हा चढली, कारण औषध जिथे बसतं तिथलंच अक्षर विषाणूने बदललं होतं. चार-पाच वर्षांत बहुसंख्य रुग्णांत असं व्हायचं. मामांना टेनोफोव्हिर लागू पडलं. मीही २०१३ पासून तेच घेतोय आणि वर्षभरात माझ्या रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला. त्याला न जुमानणारा विषाणू अतिशय क्वचित सापडतो.

बाळाचं उत्तर तुम्हाला दिलासा देणारं आहे. लस विषाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या ज्या भागावर काम करते तो सगळ्या जातींत जवळजवळ सारखाच असतो, आणि ई नसलेल्या विषाणूचं आवरण तेच असतं. आवरणातल्या १४५ व्या जागी बदल होऊन लशीला चकवणारे विषाणू सापडले आहेत, पण तेवढ्यासाठी लशीवर शंका घेऊ नका. आधी बायकोचा एचबीएसएजी बघा. निगेटिव्ह असेल आणि लस झालेली नसेल तर डॉक्टरांना विचारून आत्ताच सुरू करा, गरोदरपणात ती चालते. पॉझिटिव्ह निघाला तर तिचा डीएनए मोजायला सांगा. तो दोन लाखांच्या वर असेल तर शेवटच्या महिन्यांत तिला गोळी देतात. ती पॉझिटिव्ह असली तर मोजणी कितीही असो, बाळाला जन्मल्यावर लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देतात. लशीचा पहिला डोस कसंही झालं तरी जन्मानंतर २४ तासांच्या आत. जन्मतः लागण झालेल्या दहातल्या नऊ बाळांत हा विषाणू कायमचा राहतो, मोठ्या माणसांत वीसातल्या एखाद्यातच.

तुम्ही तुमचे आणि भावाचे आकडे लिहिलेत, बाळाचं विचारलंत, पण आईंबद्दल ‘तिलाही आहे’ एवढंच. त्यांच्या अंगात हा विषाणू तुम्हा दोघांपेक्षा जास्त वर्षं आहे, आणि वय व वर्षं वाढतात तसा यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यांचा डीएनए आणि पोटाची सोनोग्राफी याच महिन्यात करून घ्या. आणि त्या स्वतःला दोष देत असतील तर शेजारी बसून सांगा की तुमचा जन्म झाला तेव्हा आपल्या सरकारी लसीकरणात ही लस नव्हतीच, देशभर ती २०११ मध्ये आली.