घरी मस्त चालतो, मग टूर्नामेंटला काय होतं?

या वेळी पत्रं बघितली तर जवळपास सगळी एकाच विषयावरची, शाळेतल्या पोरांच्या रोबोटिक्स टूर्नामेंटवर. त्यातही बहुतेक फर्स्ट टेक चॅलेंज म्हणजे एफटीसीबद्दल, फर्स्ट या अमेरिकन संस्थेची ही शाळकरी पोरांची रोबोट स्पर्धा. सगळी छापता येणार नाहीत, चार घेतलीत.

प्रश्न : दादा, आमची टीम नाशिकची, सगळे दहावी-अकरावीतले. २०२५-२६ सीझनच्या डीकोड गेमचा आमचा रोबोट गॅरेजमध्ये ऑटोनॉमसला, म्हणजे सुरुवातीला रोबोट स्वतःहून चालतो तेव्हा, तीनही बॉल बरोबर गोलमध्ये टाकायचा. रिजनलला गेलो तर बॉल अलीकडेच पडायला लागले, आणि एका मॅचला तर रोबोट मधेच मेला तो शेवटपर्यंत उठलाच नाही. कोडमध्ये एक अक्षर बदललं नव्हतं. सगळे म्हणतात नशीब खराब. खरंच तसं असतं का?
– एक ड्रायव्हर, नाशिक

उत्तर : नशीब वगैरे काही नाही रे. आधी बॉलचं बोलू. तुम्ही फ्लायव्हीलच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्या फिरत्या चाकाच्या, मोटरला कोडमध्ये नुसती पॉवर दिली असणार, ०.८ वगैरे. आता ही ०.८ म्हणजे स्पीड नव्हे, बॅटरीत आत्ता या क्षणाला जेवढे व्होल्ट आहेत त्याचे ऐंशी टक्के. आपली १२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी फुल चार्ज असली की १३ च्या वर दाखवते, एकदोन मॅच खेळली की खाली येते, आणि चारही चाकांच्या मोटर एकदम जोर लावतात तेव्हा क्षणभर अजूनच खाली बसते. व्होल्ट कमी की फ्लायव्हील हळू, फ्लायव्हील हळू की बॉल अलीकडे. गॅरेजमध्ये काय होतं, चार्जर शेजारीच असतो, ताजी बॅटरी लावायची, दोनचार शॉट मारायचे, जमलं म्हणून टाळ्या. टूर्नामेंटला मॅचवर मॅच असतात आणि चार्जरवरची बॅटरी अर्धवट असतानाच ओढून लावावी लागते.

मग करायचं काय, तर मोटरमध्ये फेऱ्या मोजणारा एन्कोडर असतोच, त्याचा वापर करून पॉवरऐवजी व्हेलॉसिटी, म्हणजे हवा तो स्पीड, द्या, म्हणजे व्होल्ट पडले तरी कंट्रोलर जास्त ढकलून तोच स्पीड धरायला बघतो. आणि फ्लायव्हील ठरलेल्या स्पीडला पोचल्याशिवाय बॉल पुढे सरकवायचाच नाही अशी अट टाका. फक्त टार्गेट स्पीड मोटरच्या अगदी टोकाचा ठेवू नका, दमलेल्या बॅटरीलाही गाठता येईल असा ठेवा, नाहीतर कंट्रोलर तरी कुठून आणणार. बॅटरींना नंबर घाला आणि कुठली कधी वापरली ते टेपवर लिहा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही आणि म्हणूनच तुम्ही करा.

आता रोबोट मेला त्याचं. तुझ्या पत्रात हे नाहीये की मेला तेव्हा कंट्रोल हबचा, म्हणजे रोबोटवरच्या कॉम्प्युटरचा, लाइट चालू होता की नाही, आणि सगळं तिथेच अडतं. मॅच संपली की पोरं धावत जातात, स्विच बंद-चालू करतात, रोबोट उठतो, सगळे खूश, आणि पुरावा गेला. पुढच्या वेळी आधी लाइट बघा. लाइटच नसेल तर पॉवर गेली, म्हणजे बॅटरीचा कनेक्टर ढिला, नाहीतर स्विच, नाहीतर २० अँपिअरचा फ्यूज. रोबोट गाडीच्या डिकीत खडखडत येतो, त्यात कनेक्टर हलतात आणि शाफ्टवरचे सेट स्क्रू तर हमखास सुटतात, तेव्हा पोचल्या पोचल्या एकाने फक्त अॅलन की घेऊन सगळे स्क्रू तपासायचे, बाकी काही नाही करायचं. लाइट चालू असेल पण ड्रायव्हर हबवर, म्हणजे ड्रायव्हरजवळच्या स्क्रीनवर, कनेक्शन गेलेलं दिसत असेल तर माझा संशय स्टॅटिकवर. फील्डला खाली फोमच्या टाइल असतात, चाकं त्यावर घासली की रोबोटवर चार्ज साठतो, मग रोबोट कुठे धातूला किंवा दुसऱ्या रोबोटला टेकला की ठिणगी आणि हब गप्प. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत जास्त होतं, तुमच्याकडे जानेवारीत हवा कशी असते तुला माहितीये. हब सरळ अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर बसवू नका, मधे प्लायवूड किंवा प्लास्टिक घाला, आणि नियमात बसणारा ग्राउंडिंग स्ट्रॅप मिळतो तो लावा, घरच्या वायरीने जुगाड केलात तर इन्स्पेक्शनला अडवतील.

आणि तिसरी शक्यता, सांगायला लाज वाटते इतकी साधी. ड्रायव्हर हबचीच बॅटरी संपलेली, किंवा गेमपॅडची यूएसबी सुटलेली.

प्रश्न : नमस्कार. माझी मुलगी नववीत, टीममधली एकटीच मुलगी. तिला जजेसना द्यायचा टीमच्या कामाचा पोर्टफोलिओ लिहायला दिलाय, रोबोटला हात लावतात ते बाकीचे. शिवाय डिझाइन तर सरांनीच करून दिलंय असं कानावर येतं. फी काही कमी नाही. काढून घेऊ का तिला?
– एक आई, पिंपरी-चिंचवड

उत्तर : ताई, लगेच काढू नका, पण गप्पही बसू नका.

पोर्टफोलिओ हे दुय्यम काम आहे असा समज आहे तो आधी काढून टाका. कव्हर सोडून जास्तीत जास्त १५ पानं, आणि त्यात सगळा सीझन बसवायचा, काय बनवलं, काय फसलं, का बदललं. मग जजेसच्या खोलीत टीम आत जाते, पाचेक मिनिटं मुलं बोलतात आणि मग प्रश्न सुरू. कोच आत बसला तरी तोंड उघडायचं नाही. सरांनी डिझाइन केलं असेल तर ते इथे उघडं पडतं, कारण जज विचारतो हाच गिअर रेशो का घेतला, आधी काय होतं, आणि पोरं एकमेकांकडे बघायला लागतात. जिने पोर्टफोलिओ नीट लिहिलाय तिला सगळ्यांना विचारत फिरावं लागलेलं असतं, त्यामुळे कित्येकदा अख्खा रोबोट तिलाच सगळ्यात जास्त कळलेला असतो. इन्स्पायर अवॉर्ड हा सगळ्यात मानाचा, तो नुसत्या रोबोटवर मिळत नाही, आणि पुढच्या पातळीवर जाण्यात या जजिंगचं वजन मोठं असतं.

पण. जर तिला नुसतं मुलांनी सांगितलेलं टाइप करायचं आणि रंगीत बॉर्डर काढायची एवढंच ठेवलं असेल तर ते वेगळं. शाळेत गॅदरिंगला फलकलेखन आणि रांगोळी आपसूक मुलींकडे जाते, तोच हा प्रकार, आणि मला तो अजिबात पटत नाही. सरांना सरळ विचारा की तिच्याकडे रोबोटचा कुठला भाग आहे? बॉल आत ओढणारा इनटेक असो, वायरिंग असो, कुठलाही एक, पण पूर्ण तिचा. मॅचला दोन ड्रायव्हर, एक ह्यूमन प्लेअर आणि एक ड्राइव्ह कोच लागतो, यातल्या जागांसाठी सगळ्यांची ट्रायल घेतली का, की आधीच वाटून टाकलं, हेही विचारा. आणि घरी जेवताना तिला विचारा की इनटेक बदलला तो का. भडाभडा सांगायला लागली तर तुमची फी वसूल होतेय. "सरांनी सांगितलं म्हणून" असं उत्तर आलं आणि सरही "आम्हाला रिझल्ट द्यायचाय हो" म्हणाले, तर मात्र खुशाल काढा. चारपाच मैत्रिणी आणि एखादी उत्साही बाई मिळाली तर शाळेतच टीम उभी राहू शकते, खर्च आहे, किट महाग पडतं, पण एकदा घेतलं की पुढच्या बॅचला चालतं.

प्रश्न : आम्ही दूरदर्शनवर रोबोकॉन आवडीने बघायचो. नातू ज्यात भाग घेतोय ते हेच का?
– एक आजोबा, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : नाही आजोबा, दोन्ही वेगळे. रोबोकॉन इंजिनिअरिंग कॉलेजवाल्यांचं, एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने २००२ साली सुरू केलेलं, त्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००८ आणि २०१४ ला आपल्या पुण्यात झाली होती. नातू खेळतोय ते फर्स्ट या अमेरिकन संस्थेचं, डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली, आणि एफटीसी साधारण सातवी ते बारावीसाठी. मॅच अडीच मिनिटांची, पहिली ३० सेकंद रोबोट स्वतःच्या डोक्याने चालतो, मग दोन मिनिटं पोरं चालवतात. बघायला जरूर जा, आवाज फार असतो तेवढा कानाला कापूस न्या.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलाची टीम रँकिंगमध्ये बरीच खाली होती तरी एका कॅप्टन टीमने (वरच्या रँकमुळे पार्टनर निवडायला मिळतो ती) त्यांना प्लेऑफसाठी पार्टनर म्हणून घेतलं, आणि वरच्या एका टीमला कोणीच घेतलं नाही. त्यांचे पालक आमच्याशी बोलेनासे झालेत, त्यात दोन मराठी कुटुंबं आहेत म्हणून जास्त वाईट वाटतं. हे असं कसं होतं? आणि आवडली नाही तर ऑफर नाकारता येते का?
– एक बाबा, एडिसन

उत्तर : मंडळातल्या भांडणात मी पडत नाही, गणेशोत्सवाला एकत्र आणा त्यांना. बाकीचं सांगतो.

क्वालिफिकेशनला दोन विरुद्ध दोन असतं आणि पार्टनर मशीन ठरवतं, तेही थोड्याच मॅचेससाठी. सलग तगडे पार्टनर मिळाले तर साधारण रोबोटही वर दिसतो. म्हणून शहाणा कॅप्टन रँकचा कागद बघत नाही, स्टँडमध्ये बसून मॅचेसच्या नोंदी करणाऱ्या आपल्या स्काउट पोरांची वही बघतो. डीकोडमध्ये पार्टनर असलेले दोन्ही रोबोट एकाच गोलमध्ये बॉल मारतात, तेव्हा दोघंही गोलजवळूनच मारणारे असले तर एकमेकांना अडतात. कॅप्टन जवळून मारत असेल तर त्याला लांबच्या छोट्या झोनमधून मारणारा हवा असतो, ज्याचा ऑटोनॉमसचा रस्ता आपल्या रस्त्याला आडवा येत नाही आणि जो एकाही मॅचला बंद पडला नाही. कमी स्कोअर करणारा पण दरवेळी चालणारा रोबोट मीही आधी उचलेन. शिवाय तुमच्या पोरांनी पिटमध्ये, म्हणजे टीम रोबोट दुरुस्त करत बसतात तिथे, फिरून ओळखी केल्या असणार, कोणाला बॅटरी दिली असणार, ते लक्षात राहतं. एमआयटीचे प्रोफेसर वूडी फ्लॉवर्स याला ग्रेशस प्रोफेशनॅलिझम म्हणायचे, जीव तोडून खेळा पण समोरच्याचा रोबोट बंद पडला तर पाना घेऊन तुम्हीच जा.

नाकारता येतं. पण एकदा नाही म्हटलं की त्या टूर्नामेंटला दुसरा कुठलाही कॅप्टन तुम्हाला बोलावू शकत नाही, तुम्ही स्वतः कॅप्टन होण्याइतके वर असाल तरच खेळायला मिळतं. म्हणजे तुमच्या मुलाच्या टीमसारखं खाली असताना नाही म्हणणं म्हणजे बॅगा भरणं. जे काय ठरवायचं ते पोरांनी जेवणाच्या सुट्टीत बसून ठरवावं, माइक तोंडासमोर आल्यावर आई-बाबांकडे बघून नाही.